गॅरेजचं एस्टिमेट वाचायचं कसं?

सप्टेंबर २०२२ मध्ये बेंगळुरूत पाऊस असा कोसळला की बेळंदूर, सर्जापूर रोड आणि आउटर रिंग रोडचा पट्टा पाण्याखाली गेला. आयटीतली मंडळी ट्रॅक्टरवर बसून ऑफिसला निघाली आणि बेसमेंटमधल्या गाड्या तिथेच बुडाल्या. त्या पावसात पाणी शिरलेल्या गाड्यांत एक फोक्सवॅगन पोलोही होती. मालकाने ती टो करून व्हाइटफील्डच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये नेली. काही दिवसांनी एस्टिमेट आलं, सुमारे २२ लाख रुपये. गाडीची किंमत होती ११ लाखांच्या आसपास. विमा कंपनीने गाडी 'टोटल लॉस' धरली. मग वर्कशॉपने मालकापुढे आणखी एक बिल ठेवलं, एस्टिमेटची कागदपत्रं तयार केल्याबद्दल ४४,८४० रुपये. प्रकरण समाजमाध्यमांवर गाजलं, कार कंपनी मध्ये पडली आणि शेवटी मालकाने ५,००० रुपये भरून विषय मिटवला.

गाडी ११ लाखांची आणि दुरुस्ती २२ लाखांची, हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात असं कुणालाही वाटेल. पण तो आकडा कुणी हवेतून काढलेला नव्हता. एस्टिमेट तयार कसं होतं हे समजलं की त्या २२ लाखांचा उलगडा होतो, आणि घरच्या गाडीच्या १८ हजारांच्या एस्टिमेटकडे बघायची नजरही बदलते. आपलं कोडं त्याच जातीचं असतं. स्पीडब्रेकरवर पुढून 'कट' असा आवाज येतो. अधिकृत सर्व्हिस सेंटर १८ हजार सांगतं, विल्सन गार्डनमधलं ओळखीचं गॅरेज ७ हजार, आणि ऑफिसातला सहकारी म्हणतो, "माझं तर दीड हजारात झालं." तिघांपैकी खोटं कोण बोलतंय? बऱ्याचदा कुणीच नाही.

२२ लाख आले कुठून?

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन वर येताना हवा दाबतो. इंजेक्शनच्या रिकाम्या सिरिंजचं तोंड बोटाने बंद करून दट्ट्या दाबून बघा, बराचसा आत जातो. तीच सिरिंज पाण्याने भरा, दट्ट्या तसूभर हलणार नाही. पाण्यात बुडालेली गाडी कुणी स्टार्ट करायला गेलं तर सिलिंडरमध्ये हेच होतं. पिस्टन अडतो, क्रँकशाफ्टचा जोर मात्र चालूच राहतो, आणि मधल्यामध्ये कनेक्टिंग रॉड वाकतो. याला 'हायड्रोस्टॅटिक लॉक' म्हणतात. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत विमा कंपन्या हे नुकसान बहुधा नाकारतात. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' नावाचं जादा कवच आधीच घेतलेलं असावं लागतं.

पाण्यात गेलेल्या गाडीचं एस्टिमेट करताना इंजिन अजून उघडलेलं नसतं आणि इलेक्ट्रॉनिक्स तपासून झालेलं नसतं. अशा वेळी वर्कशॉप सगळ्यात वाईट शक्यता धरून चालतं. पाणी जिथवर चढलं तिथवरचं सगळं 'बदलणे' या रकान्यात जातं. इंजिन, त्याचा संगणक म्हणजे ईसीयू, गाडीभर पसरलेली वायरिंग, एअरबॅगचं मॉड्यूल, सीट, कार्पेट, काही सुटत नाही.

त्यात सुट्या भागांचे भाव. कारखान्यात जोडणीसाठी भाग ट्रकभर येतात, घाऊक दराने. तोच भाग ग्राहकाला सुटा विकायचा तर त्यावर डबा, गोदाम, वर्षानुवर्षं सांभाळायचा साठा, वितरकाचं आणि डीलरचं कमिशन, असं सगळं चढत जातं. कुठलीही गाडी सुट्या भागांच्या दुकानातून एकेक नग आणून जोडायची म्हटली तर ती शोरूमच्या किमतीत कधीच बसणार नाही.

आणि मुख्य गोष्ट म्हणजे विम्याचा नियम. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा-मूल्याच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. आयडीव्ही ११ लाख धरली तर ही रेषा सव्वाआठ लाखांवर येते. ती ओलांडल्यावर एस्टिमेट १२ लाखांचं असो की २२ लाखांचं, निर्णय तोच. ते २२ लाख कुणी मोजणारच नव्हतं, विमा कंपनीला निर्णय घेता यावा म्हणून केलेला तो कागद होता. मालकाच्या खिशाला भिडणारा आकडा दुसरा होता, ४४,८४०. तोही जरा निरखून बघा. ३८,००० वर १८ टक्के जीएसटी लावला की बरोबर ४४,८४० होतात.

तपासणीची आणि एस्टिमेटची फी घेण्यात गैर काही नाही, तेही कामच आहे. मात्र ती गाडी आत घ्यायच्या आधी ठरली पाहिजे, लेखी.

भाव नंतर, आधी निदान

एस्टिमेटमध्ये चार गोष्टींची मोट बांधलेली असते: बिघाड काय आहे, त्याला कोणते भाग लागतील, मजुरी किती आणि कर किती. आपण घासाघीस करतो ती मधल्या दोन गोष्टींवर. भागावर दहा टक्के सूट मिळाली, मजुरीतले पाचशे सुटले की मोहीम फत्ते झाल्यासारखं वाटतं. पण जो भाग बदलायची गरजच नव्हती तो निम्म्या किमतीत मिळाला तरी पैसे पाण्यातच गेले. माझ्या मते गाडीवाल्याचा सगळ्यात जास्त पैसा जातो तो चढ्या दरात नव्हे, चुकीच्या निदानात.

स्पीडब्रेकरवरचा तो आवाजच घ्या. पुढच्या चाकाजवळ लिंक रॉड नावाची छोटी दांडी असते. तिचे जोड ढिले झाले की ती वाजते. भाग स्वस्त, काम थोड्या वेळाचं. चाकाला खालून धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मचा रबरी बुश फाटला तरी साधारण तसाच आवाज येतो. काही गाड्यांत हा बुश सुटा मिळतो, काहींत कंपनी अख्खा आर्मच विकते. आणि शॉक ॲब्सॉर्बर गेला असेल तर त्याच्या अंगावरून तेल ओघळलेलं दिसतं. सहकाऱ्याचे दीड हजार लिंक रॉडचे होते, गॅरेजवाल्याचे सात हजार लोअर आर्मच्या जोडीचे, आणि सर्व्हिस सेंटरने शॉक ॲब्सॉर्बरची जोडी धरली. एका आवाजाचे तीन आजार ठरले. भाव तिघांचेही आपापल्या जागी ठीकच असू शकतात.

आजार कोणता हे पक्कं करायची रीत अवघड नाही. गाडी रॅम्पवर चढवतात आणि लांब सळईने एकेक जोड रेटून बघतात. जिथे ढिलाई असेल तिथे ती उघड्या डोळ्यांनी दिसते. आपण रॅम्पखाली जाऊन एवढंच म्हणायचं, "कुठे हलतंय ते दाखवा." चांगला मेकॅनिक हौसेने दाखवतो. 'ग्राहकांना आत परवानगी नाही' अशी पाटी असेल तर मोबाइलवर व्हिडिओ मागा. बऱ्याच मोठ्या वर्कशॉपमध्ये तो आता सहज पाठवतात.

मोजता येण्यासारखी गोष्ट असेल तर माप मागायचं. 'ब्रेक पॅड संपलेत' हे मत झालं, 'तीन मिलिमीटर उरलेत' हे माप झालं. नव्या पॅडचा थर साधारण १० ते १२ मिलिमीटरचा असतो, तीनवर आला की बदलायला काढतात. ब्रेक डिस्क किती झिजू द्यायची हे बहुतेक डिस्कच्या कडेवरच मिलिमीटरमध्ये कोरलेलं असतं. व्हर्नियर लावला की अर्ध्या मिनिटात निकाल लागतो. बॅटरीचंही तसंच. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची धडधाकट बॅटरी साडेबारा व्होल्टच्या थोडं वर दाखवते, आणि इंजिन चालू केल्यावर आकडा बहुधा १४ च्या आसपास जातो. तो चढलाच नाही तर दोष अल्टरनेटरचा असू शकतो. अशा वेळी नवी बॅटरी घातली तर तीही काही दिवसांत झोपेल.

डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला की स्कॅनर लावतात आणि त्यात एक कोड येतो. इथे पुष्कळ लोक फसतात, कधीकधी मेकॅनिकसुद्धा. उदाहरणार्थ, 'पी ०४२०' या कोडचा अर्थ एवढाच की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर शुद्ध करणारा डबा, अपेक्षेइतकं काम करताना दिसत नाही. या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महाग धातू असतात, त्यामुळे तो बदलायचा म्हणजे मोठा खर्च. पण तोच कोड ऑक्सिजन सेन्सर बिघडल्यानेही येतो आणि सायलेन्सरच्या पाइपला बारीक भेग पडल्यानेही. कोडने दिशा कळते, भाग कोणता ते पुढच्या तपासणीत ठरतं. 'मशीनने सांगितलं' हे उत्तर पुरेसं धरू नका.

अर्थशास्त्रात या कोंडीवर बराच विचार झाला आहे. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या दोघांनी १९७३ मध्ये अशा सेवांचा एक वेगळा वर्ग मांडला, ज्यात सेवा घेतल्यानंतरही ती खरंच गरजेची होती का हे ग्राहकाला कळत नाही. वाहनदुरुस्ती हे त्यातलं अगदी ठळक उदाहरण. बदललेला जुना भाग खरोखर खराब होता का, हे गाडी नीट चालू लागल्यावर कुठून कळणार? गरज आहे की नाही हे सांगणारा आणि ती भागवून पैसे घेणारा माणूस एकच असतो, कोंडीचं मूळ इथे आहे. म्हणून मोठ्या खर्चाच्या वेळी दोन्ही कामं वेगळी करावीत. एका गॅरेजला फक्त तपासणीचे पैसे द्यायचे आणि आधीच सांगून टाकायचं, "काम इथे करणार नाही, फक्त काय झालंय ते सांगा." काम मिळणारच नसेल तर आजार वाढवून सांगण्यात त्याचा काही फायदा उरत नाही.

क्लचचं एस्टिमेट, ओळीओळीने

बेंगळुरूच्या गाड्यांचा क्लच लवकर जातो याचं नवल नको. सिल्क बोर्ड, टिन फॅक्टरी, हेब्बाळ इथे इंच-इंच सरकताना पाय हाफ क्लचवर असतो, आणि हाफ क्लच म्हणजे दोन तबकड्या एकमेकींवर घासत राहणं. तेव्हा क्लचचं एस्टिमेट आज ना उद्या हातात येणारच. एका छोट्या पेट्रोल हॅचबॅकचं एस्टिमेट करापूर्वी असं दिसू शकेल (आकडे फक्त समजण्यापुरते):

क्लच डिस्क आणि प्रेशर प्लेट ४,५००
रिलीज बेअरिंग ९००
क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सील ४५०
गिअर ऑइल ९००
फ्लायव्हील फेसिंग १,२००
क्लच केबल ६००
मजुरी, क्लच ओव्हरहॉल ३,२००
मजुरी, गिअरबॉक्स काढणे-बसवणे २,४००
मजुरी, रिलीज बेअरिंग बदलणे ७००
कन्झ्युमेबल्स ५००
इंजिन डिकार्बनायझेशन २,५००
एकूण १७,८५०

पहिला प्रश्न, क्लच खरंच गेलाय का? पेडल जड झालं म्हणजे क्लच गेला असं नाही, कधीकधी नुसती केबल बदलून भागतं. क्लच घसरतोय का हे बघायचं तर इलेक्ट्रॉनिक सिटीच्या उड्डाणपुलासारख्या मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबायचा. इंजिनाचा आवाज आणि आरपीएमचा काटा चढतोय पण वेग त्या मानाने वाढत नाही, तर डिस्क घसरतेय. दुसरी चाचणी उभ्या गाडीवर. सपाट जागा, समोर कुणी नाही, हँडब्रेक घट्ट ओढलेला. तिसरा गिअर टाकून क्लच सोडायचा. इंजिन लगेच बंद पडलं तर पकड शाबूत आहे, घरघरत चालूच राहिलं तर गेली. हे एकदाच करायचं, पुन्हा पुन्हा केलं तर चाचणीच क्लच खाते.

आता मजुरी. कंपन्या प्रत्येक कामासाठी ठरावीक वेळ धरतात आणि तासाच्या दराने ती गुणतात. मेकॅनिकने प्रत्यक्षात किती वेळ घेतला याच्याशी बिलाचा संबंध नसतो. क्लच बदलायला बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स खाली उतरवावाच लागतो, त्यामुळे 'क्लच ओव्हरहॉल'च्या वेळेत ते आलंच. आणि गिअरबॉक्स उतरल्यावर रिलीज बेअरिंग हाताशीच असतं. म्हणजे आपल्या एस्टिमेटमध्ये एकदा उतरवलेल्या गिअरबॉक्सची मजुरी तीनदा लागलीय. यात लबाडीच असते असं नाही. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कामाला वेगळा कोड असतो आणि सर्व्हिस ॲडव्हायझर ते एकाखाली एक टाकत जातो. "यातलं कोणतं काम कशात येतं?" असं शांतपणे विचारलं की दोन ओळी बहुधा आपोआप गळतात.

ऑइल सील मात्र काढायला लावू नका. ते साडेचारशेचं आहे, आणि उद्या गळायला लागलं तर त्याच्यासाठी अख्खा गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागेल. फ्लायव्हील फेसिंगला 'उघडल्यावर बघून ठरवा, फोटो पाठवा' म्हणायचं. आणि डिकार्बनायझेशनचा क्लचशी काडीचा संबंध नाही. थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग ही सगळी त्याच्याच गोत्रातली. बहुतेक मोठ्या वर्कशॉपमध्ये ॲडव्हायझरला अशा जादा सेवांचं महिन्याचं टार्गेट असतं. त्यातलं काही कधी गरजेचंही असतं, पण निवाडा डॅशच्या कप्प्यातल्या ओनर्स मॅन्युअलने करावा. किती किलोमीटरला काय बदलायचं याचा तक्ता त्यात असतो. तक्त्यात नसलेलं काम कुणी सुचवलं तर कारण विचारायचं, आणि 'सगळेच करतात' हे कारण धरायचं नाही.

मजुरीच्या दोन ओळी आणि डिकार्बनायझेशन गेलं की १७,८५० चे १२,२५० होतात, कुणाशी न भांडता.

> चौकट: 'करा' म्हणायच्या आधी
>
> • बिघाड कशावरून ठरवला? माप, फोटो किंवा डोळ्यांनी बघायला मागा.
> • आज काय केलंच पाहिजे, काय तीन महिन्यांनी चालेल आणि काय ऐच्छिक आहे, असे तीन भाग करून घ्या.
> • प्रत्येक भागाचा पार्ट नंबर आणि मेक लिहून घ्या.
> • एकाच उघडझापीची मजुरी दोनदा लागली नाही ना, ते बघा.
> • उघडल्यावर आणखी काही निघालं तर फोन केल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे जॉब कार्डावर लिहून घ्या.
> • बदललेले जुने भाग डिकीत ठेवायला सांगा, आधीच सांगा.

एकच भाग, वेगवेगळे डबे

कार कंपन्या गाडीतले बरेचसे भाग स्वतः बनवत नाहीत. ब्रेक, क्लच, सेन्सर, फिल्टर वेगवेगळ्या कारखान्यांतून येतात. आडुगोडीचा जुना मायकोचा कारखाना बेंगळुरूत कुणाला माहीत नाही? १९५१ साली सुरू झालेली ती कंपनी म्हणजे आजची बॉश. असा एखादा निर्माता जो भाग कार कंपनीला पुरवतो, तोच स्वतःच्या नावाच्या डब्यातही विकतो. कार कंपनीच्या शिक्क्याच्या डब्यातला भाग महाग, निर्मात्याच्या डब्यातला बहुधा स्वस्त. तिसरा प्रकार म्हणजे दुसऱ्याच कंपनीने बनवलेला पर्यायी भाग. त्यात चांगले आहेत तसे टाकाऊही आहेत. चौथा म्हणजे उघड नक्कल. तो जे. सी. रोडच्या सुट्या भागांच्या दुकानांत मिळत असला तरी ब्रेकच्या आसपास फिरकू द्यायचा नाही. बेंगळुरूतल्या शिवाजीनगरच्या गुजरी बाजारात जुन्या गाड्यांचे काढलेले भाग मिळतात. दाराचं हँडल, आरसा, पॅनेल तिथून जरूर घ्या, सुरक्षेशी संबंध असलेलं काही घेऊ नका.

'बाहेर काम केलंत तर वॉरंटी जाईल' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला तो नेमका या वृत्तीवर. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं हा मुख्य ठपका होता. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे नुकसान झालं तरच ती नाकारावी, असंही आयोगाने सांगितलं. दंडावरून पुढे अपिलं झाली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनक्षेत्रही आहे. तरी वॉरंटीच्या काळात इंजिन-गिअरबॉक्ससारखं मोठं काम बाहेर करू नये, असं माझं मत. कायदा आपल्या बाजूने असला तरी सिद्ध करत बसायला आपल्याकडे वेळ नसतो.

कराचा हिशेब सोपा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सगळ्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे, दुरुस्तीच्या मजुरीवरही १८ टक्केच. डब्यावरच्या एमआरपीत कर धरलेलाच असतो. डब्यावर १,१८० छापलेत तर बिलात भाग १,००० आणि कर १८० असं दिसायला हवं. बिलात भाग १,१८० लिहून त्यावर पुन्हा १८ टक्के लावले असतील तर ती चूक आहे आणि एमआरपीपेक्षा जास्त घेणं बेकायदा आहे. डबा मागून बघा, हा हिशेब कुणीही करू शकतं.

जिथे गॅरेजवालाच बरोबर असतो

संशयही हिशेबात असावा. एका बाजूचा शॉक ॲब्सॉर्बर गेला तरी जोडी बदलायला सांगतात, ते रास्त आहे. एक नवा आणि एक थकलेला असेल तर ब्रेक मारताना गाडी एकीकडे झुकते. ब्रेक पॅडही दोन्ही चाकांचे एकदमच बदलतात. टायमिंग बेल्टबरोबर टेन्शनर बदलणं, लोअर आर्म बदलल्यावर अलाइनमेंट करणं, एकदा काढलेलं गॅस्केट पुन्हा न वापरणं, हे सगळं बरोबर. मेटॅलिक रंगाच्या गाडीचं एक दार रंगवताना शेजारच्या पॅनेलवर रंग हलकेच पसरवावा लागतो, नाहीतर उन्हात ठिगळ दिसतं. आणि 'खोलल्याशिवाय सांगता येणार नाही' हे वाक्य पुष्कळदा खरंच असतं. फक्त खोलण्याचे किती आणि खोलून परत तसंच बसवायचं ठरलं तर किती, हे आधी ठरवून घ्यावं.

'किती होतील?' असं विचारू नका

अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी एक गमतीचा प्रयोग केला होता. टोयोटा कॅमरीचा रेडिएटर बदलायचा म्हणून स्त्री-पुरुषांनी कितीतरी गॅरेजांना फोन केले. काहींनी बाजारभावाएवढा, म्हणजे ३६५ डॉलरचा अंदाज आहे असं सांगितलं, काहींनी ५१० डॉलरचा, तर काहींनी 'मला काही कल्पना नाही' म्हटलं. ज्यांनी मोठा आकडा सांगितला त्यांना दरही मोठाच मिळाला. 'कल्पना नाही' म्हणणाऱ्या बायकांना तेच म्हणणाऱ्या पुरुषांपेक्षा जास्त दर सांगितला गेला. आणि योग्य आकडा सांगितल्यावर स्त्री-पुरुषांतला फरक उरला नाही. गॅरेजवाला गिऱ्हाइकाचं अज्ञान जोखून दर ठरवतो, ही आपली शंका अगदीच निराधार नाही तर.

तेव्हा फोन करण्याआधी पार्ट नंबर शोधून सुट्या भागांच्या वेबसाइटवर किंमत बघा, जे. सी. रोडच्या एखाद्या दुकानाला विचारा, आपल्याच मॉडेलच्या दोन मालकांशी बोला. एवढं केलं की "किती होतील?" ऐवजी "सेट साडेचार हजारांना आहे, मजुरी किती घेता?" असं विचारता येतं.

विमा आहे म्हणजे फुकट नाही

डेंटिंग-पेंटिंगच्या कामात पहिला प्रश्न असतो, "इन्शुरन्समध्ये घ्यायचं का?" हो म्हटलं की एस्टिमेट सैल होतं, कारण पैसे दुसरा देणार असतो. पण झीज-घट, म्हणजे डेप्रिसिएशन, आपल्याच खिशातून जातं. झीरो-डेप्रिसिएशनचं कवच नसेल तर प्लास्टिक आणि रबरी भागांवर ५० टक्के कापतात, काचेवर काही कापत नाहीत. लोखंडी भागांची कपात वयाप्रमाणे वाढते. पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ती ४० टक्के आहे. शिवाय दर दाव्याला १,००० रुपये (१,५०० सीसीवरच्या गाडीला २,०००) आपले. आणि नो-क्लेम बोनस जातो तो वेगळाच. पाच वर्षं दावा न करता तो ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असेल तर बंपरवरच्या एका ओरखड्यासाठी त्यावर पाणी सोडणं परवडत नाही.

गाडी अडकली तर

ठरलं त्यापेक्षा बिल जास्त आलं आणि गॅरेजवाला म्हणाला, पैसे भरल्याशिवाय गाडी सोडणार नाही, तर तो अगदीच हवेत बोलत नसतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे वस्तूवर मेहनत किंवा कौशल्य खर्च करणाऱ्याला आपला रास्त मोबदला मिळेपर्यंत ती अडवून ठेवता येते. पण मोबदला ठरलेल्या कामाचा, न विचारता केलेल्या कामाचा नव्हे. म्हणूनच सही केलेलं जॉब कार्ड आणि एस्टिमेट जपून ठेवायचं. गाडीची निकड असेल तर बिलावर 'अमुक रकमेबद्दल हरकत राखून' असं स्वतःच्या हाताने लिहा, रोखीने न देता बँकेतून पैसे द्या, बिलाचा फोटो काढा, गाडी घेऊन निघा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लावा. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाइनही तक्रार नोंदवता येते, आणि त्यासाठी वकील लावावाच लागतो असं नाही.